सोमवारी लेणी बंद असतात

हातात काही काम असेल तर ते चालू द्या. शेंगा फोडत, वाती वळत, लसूण सोलत ऐकलं तरी चालेल. आज कर्ज नाही, बँक नाही, शेळीपालनही नाही. आज आम्ही सहलीबद्दल बोलणार आहोत. आपल्या बचत गटाच्या बायांनी आपला मुलूख पाहायला जाण्याबद्दल.

आमचा गट अमळनेर तालुक्यातला. गोष्ट सुरू झाली ती एका मंगळवारच्या बैठकीत. आमच्यातल्या एका ताईचा भाचा पुण्याला कंपनीत आहे, तो इटलीला फिरायला गेला होता. त्यानं रोमचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. बचत गोळा होईपर्यंत तो मोबाईल सगळ्यांच्या हातातून फिरला. ते मोठं गोल, पडकं कोलोसियम, त्याच्यापुढे हा भाचा काळा चष्मा लावून उभा. कुणी म्हणालं, केवढं जुनं असेल! ताई म्हणाली, दोन हजार वर्षं होत आली म्हणतो. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजीनं विचारलं, "आन् आपलं अजिंठा कितलं जुनं शे?"

आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, म्हणून सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. अजिंठ्याची पहिली लेणी इसवी सनाच्या आधीची आहेत. कोलोसियम बांधून पूर्ण झालं ते सन ८०च्या सुमारास. म्हणजे आपलं थोरलं. आजी खूश झाली. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला, "कोनी देखेल शे?"

वीस बायांपैकी एकीचाही हात वर गेला नाही. आमचाही नाही. शाळेची सहल गेली होती तेव्हा आमच्या घरून पैसे मिळाले नव्हते, भावाला मिळाले होते. तेव्हा त्याचं वाईटही वाटलं नव्हतं, आता वाटलं. जळगावहून साठ-एक किलोमीटरवर अजिंठा आहे. जिल्हा लागतो छत्रपती संभाजीनगर, पण जळगाव स्टेशनवर उतरून जगभरातली माणसं तिकडे जातात. आणि आपण जळगावला जातो ते दवाखान्यात, नाहीतर लग्नाचा बस्ता घ्यायला.

ठरलं. पण पैसे? दोघी म्हणाल्या, गटाचेच वापरू, पैसे तर आपलेच आहेत. आम्ही नाही म्हटलं आणि त्यावरून जरा वाजलं. गटाची बचत अंतर्गत कर्जासाठी असते. उद्या कुणाच्या लेकराला ताप आला आणि शिल्लक सहलीत गेलेली असली तर कुणाच्या तोंडाकडे पाहायचं? शेवटी एक वेगळा डबा केला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्याला झाकणावर चीर पाडलेली. बैठकीला येताना जमतील तसे दहा-वीस रुपये त्यात टाकायचे, ज्या आठवड्यात नाही जमणार त्या आठवड्यात नाही. कुणी किती टाकले ते आमची हिशेबनीस वेगळ्या वहीत लिहायची. ही हिशेबनीस म्हणजे आमच्या गटातली सगळ्यात तरुण सून, बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं. तिच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

एक मात्र खरं, एस.टी.चं अर्ध तिकीट झालं नसतं तर डबा भरायला आणखी वर्ष लागलं असतं. १७ मार्च २०२३पासून महाराष्ट्रात एस.टी.च्या गाड्यांत बायांना निम्मं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आधीपासूनच मोफत आहे. आमच्या आजीनं आधार कार्ड पदराच्या गाठीला बांधून आणलं होतं. कंडक्टरनं वय वाचलं आणि तिला पुढची सीट दिली.

आता आमची चूक सांगतो. लपवण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही ती करू नये म्हणूनच सांगतोय. आमच्या गावचा बाजार सोमवारी. त्या दिवशी शेतात मजुरी बंद असते, म्हणून सगळ्यांना सोमवार सोयीचा. संक्रांत झाली, कापसाची वेचणी आटोपत आली आणि एका सोमवारी आम्ही अठरा जणी पहाटे निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. जळगावला गाडी बदलली, नेरी गेलं, पहूर गेलं, फर्दापूरच्या फाट्यावर उतरलो. तिथे सगळं सामसूम. एका चहावाल्यानं विचारलं, "बाई, आज कुठे? सोमवारी लेणी बंद असतात."

अठरा बाया आमच्याकडे पाहत होत्या. कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. ती हिशेबनीस सून रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. तिच्या सासूनं एकाच दिवसाची सवलत दिली होती, तीही आम्ही चार वेळा घरी जाऊन आल्यावर.

तो दिवस तसाच परत नेला असता तर आमचा गट पुन्हा कधी निघाला नसता. चहावाल्यालाच विचारलं, जवळपास काय पाहण्यासारखं आहे? तो म्हणाला, अजिंठा गावात पारोची कबर आहे. तिथून दहा-बारा किलोमीटर. दोन काळ्या-पिवळ्या केल्या आणि गेलो.

पारोची गोष्ट तुमच्यातल्या काहींनी सिनेमात पाहिली असेल, ना. धों. महानोरांनी त्यावर काव्य लिहिलं आहे. रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज अधिकारी होता. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला त्याला १८४४ साली इकडे पाठवलं. तेव्हा ना लाईट, ना रस्ता. तो वीसेक वर्षं ते काम करत राहिला. पारो इथल्याच मुलखातली मुलगी, ती त्याच्यासोबत राहिली, त्याला कामात मदत करायची असं लोक सांगतात. १८५६ साली ती वारली. गिलनं तिच्या कबरीवर दगड बसवला, त्यावर इंग्रजीत आपल्या लाडक्या पारोच्या स्मरणार्थ असं कोरलेलं आहे. गिलनं काढलेली बहुतेक चित्रं लंडनला नेली, तिथे १८६६मध्ये ती आगीत जळाली. तो स्वतः १८७९ साली गेला, त्याची कबर आपल्या भुसावळात आहे.

आम्ही अठरा जणी त्या कबरीपाशी उभ्या होतो. कुणी म्हणालं, गोऱ्या साहेबासोबत राहिली म्हणजे तिला गावानं काय काय ऐकवलं असेल. कुणी म्हणालं, तरी तिचं नाव दगडावर राहिलं बाई, आपलं सातबाऱ्यावरही नाही. मग तिथेच सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्याची चर्चा सुरू झाली. चर्चा कुठे सुरू होईल ते आमच्या बायांचं सांगता येत नाही. दशम्या झाडाखाली बसून खाल्ल्या आणि परत आलो.

दोन महिन्यांनी पुन्हा निघालो, बुधवार पाहून. या वेळी पंधराच जणी. आमची हिशेबनीस नव्हती. सासू म्हणाली, एकदा जाऊन आली ना, आता किती वेळा जायचं? तिच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती. चूक आमची होती, दिवस मात्र त्या पोरीचा गेला.

फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी थांबते, तिथून पुढे चारेक किलोमीटर त्यांच्या बसनं जावं लागतं. भारतीयांना लेण्यांचं तिकीट ४० रुपये आहे, १५ वर्षांच्या आतल्या मुलांना लागत नाही. तरी निघण्याआधी विचारून घ्या. बस सोडते तिथून पायऱ्या चढायच्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात, भाव आधी ठरवायचा. आजीला आम्ही डोली करायला निघालो तर तिनं ऐकलं नाही, चार जणांच्या खांद्यावर एकदाच जायचं असतं म्हणाली. हळूहळू चढली.

वर गेल्यावर वाघूर नदीचं वळण दिसतं, बैलाच्या खुराला मारलेल्या नालेसारखं. त्या वळणाच्या कड्यात एका रांगेत तीस लेणी. डोंगर वरून खाली कोरत आणलेला. खांब, छत, मूर्ती, सगळं एकाच दगडात, बाहेरून काही आणून बसवलेलं नाही. यातली थोडी लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची, बाकीची बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या हरिषेण राजाच्या काळातली. मग शेकडो वर्षं जगाला विसर पडला. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज शिकारीला आला असताना त्याला ती दिसली. १० नंबरच्या लेण्यात एका खांबावर त्यानं स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. म्हणजे देवळाच्या भिंतीवर नावं लिहिणारी आपली पोरंच तेवढी नाहीत. पण आम्हाला वाटतं, त्याला लेणी 'सापडली' असं म्हणण्यात थोडी गंमत आहे. आसपासच्या गुराख्यांना ती ठाऊक असणारच. १९८३ साली युनेस्कोनं अजिंठ्याला जागतिक वारशात घेतलं.

आत अंधार असतो. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो. आमच्या पुढे एक सहल आली, आत गेली, फोटो काढले, बाहेर पडली, पाच मिनिटांत. फ्लॅश मारायला तिथे बंदी आहे, तरी दोघांनी मारलाच. आम्ही खाली बसलो. बसलो तशी भिंत हळूहळू उजळत गेली. पहिल्या लेण्यात हातात कमळ धरलेला पद्मपाणी आहे, पुस्तकात पाहिलेला. त्याचे डोळे खाली झुकलेले. आमच्यातली एक म्हणाली, कुणाचं तरी दुःख ऐकून घेतोय.

आमच्यासोबत अंगणवाडीच्या ताई होत्या, त्या दुसऱ्या लेण्यात अडकून पडल्या. मागच्या बाजूला एका देवळीत हारिती बसलेली आहे, मांडीवर लेकरू, शेजारी तिचा नवरा पांचिक. ही हारिती आधी लोकांची मुलं खाणारी राक्षसीण होती, मग बुद्धानं तिला मुलांची राखणदार केलं अशी कथा. तिच्या पायाखालच्या पट्टीत शाळा कोरली आहे! गुरुजी हातात छडी घेऊन बसलेत, पुढच्या रांगेतली मुलं अभ्यास करतायत आणि मागच्या पोरांचा दंगा चाललाय. पंधराशे वर्षांपूर्वीची शाळा. ताई हसून हसून थकल्या. म्हणाल्या, माझा वर्ग असाच आहे, फक्त छडी नाही.

१६ नंबरमध्ये एक चित्र आहे, लोक त्याला मरणासन्न राजकन्या म्हणतात. ती नंदाची बायको सुंदरी. नवरा भिक्षू झाल्याचं कळलं आणि ती कोसळली. दासी तिला सावरतायत. १७ नंबरमध्ये बुद्ध स्वतःच्याच घरी भिक्षा मागायला आला आहे, आणि समोर यशोधरा लहान राहुलला पुढे करून उभी आहे. बुद्ध खूप मोठा काढलाय, मायलेक छोटी. नवरा परत आलाय आणि तरी परत आलेला नाही. या चित्रापुढे आमच्यातल्या दोघी बराच वेळ बसून होत्या. त्यांचे नवरे सुरतेला असतात. आम्ही काही विचारलं नाही.

बरं, इटलीवरून सुरुवात झाली होती ना? तिथे गाईडनं एक गोष्ट सांगितली, ती ऐकून आम्ही चकित झालो. शंभर वर्षांपूर्वी हा भाग निजामाच्या राज्यात होता. चित्रांचे पोपडे निघायला लागले म्हणून निजाम सरकारनं १९२०च्या सुमारास थेट इटलीहून दोन जाणकार माणसं बोलावली. जुनी भित्तिचित्रं सांभाळायचं काम तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यांनी सुटलेले तुकडे भिंतीला पक्के चिकटवले, त्यामुळे पुष्कळ वाचलं. पण वरून लाखेचं वॉर्निश दिलं, ते पुढे पिवळं पडलं आणि चित्रं काळवंडली. मग आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी ते जपून काढत आणलं. म्हणजे भाच्यानं जिथे फोटो काढला तिथली माणसं आपल्याकडे दुरुस्तीला येऊन गेली होती, आणि तेही चुकत होते.

शेवटी २६ नंबर. तिथे भिंतीला लागून बुद्ध उजव्या कुशीवर निजलाय, महापरिनिर्वाणाचा. सुमारे सात मीटर लांब. आजी दारातच थबकली, "कितलं मोठं शे वं माय!" मग जवळ गेली. खाली शिष्य रडतायत, कुणी डोकं धरून बसलंय. ती त्या रडणाऱ्यांच्या रांगेजवळ उभी राहिली. बाबा गेले तेव्हा असंच बसलो होतो आम्ही, एवढंच म्हणाली.

आणखी एक सांगितलं पाहिजे. परत येताना आमच्यातली एक चक्कर येऊन पडली. ऊन होतंच, पण खरं कारण वेगळं. सकाळपासून ती पाणीच प्यायली नव्हती. का? तर रस्त्यात कुठे जायची सोय असेल नसेल म्हणून. आपल्या सगळ्यांची ही सवय आहे ना? तेव्हापासून आमचा नियम झाला: निघण्याआधी ठरवायचं, कुठल्या कुठल्या स्टँडवर स्वच्छतागृह आहे, तिथे गाडी थांबवायचीच, आणि पाणी प्यायचं म्हणजे प्यायचं. पाळी असेल तिनं मागे राहायचं नाही. जुने कपडे, कागदी पिशव्या, साबण, एक जास्तीची साडी, अशी एक पिशवी गटाची म्हणून सोबत असते.

आता आमच्या हिशेबनिशीकडे येतो. अजिंठ्याला तिला सोडलं नाही, पण सहा महिन्यांनी पाटणादेवीचं निघालं तेव्हा तिची सासू स्वतःच म्हणाली, देवीला जात असाल तर मीबी येते. आम्हाला तेव्हा उमगलं. सहल म्हटलं की घराचं दार बंद होतं, देवदर्शन म्हटलं की उघडतं. आता हे बरोबर की चूक, त्यावर आमच्यात दोन मतं आहेत. काहींना वाटतं हा खोटेपणा झाला. फिरायला जायचं तर फिरायला जाते असं ताठ सांगावं. आम्हाला वाटतं, आपल्या आज्या-पणज्यांनी वारीच्या आणि जत्रेच्या नावानंच जग पाहिलं. देवीचं दर्शनही घ्यायचं आणि डोळेही उघडे ठेवायचे, यात देवीला राग येणार नाही.

पाटणादेवी चाळीसगावपासून अठराएक किलोमीटर. पोळा झाल्यावर गेलो, तेव्हा गौताळ्याचं जंगल हिरवंगार असतं, धबधबे सुरू असतात. आमच्या भागातून जाताना पारोळ्याला किल्ला लागतो, झाशीच्या राणीचं सासर म्हणजे नेवाळकरांचं घराणं, त्यांची पारोळ्याला जहागीर होती. भुईकोट किल्ला आहे, चढ नाही, अर्धा तास पुरतो.

देवीचं दर्शन झालं, ओटी भरली. मग आम्ही शिलालेखाची गोष्ट सांगितली. गणित सांगणारे भास्कराचार्य, जन्म १११४ सालचा. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे पाटणला मठ काढला, त्याचा शिलालेख आहे, १२०७ सालचा. मठ चालवायला खर्च लागणार, तो कुठून येणार तेही त्यात लिहून ठेवलंय. बाजारात विकणाऱ्यानं इतकं द्यावं, घेणाऱ्यानं इतकं द्यावं, आणि जितके तेलघाणे चालतात त्यांनी प्रत्येकी पळीभर तेल द्यावं. त्यातला हा भाग जुन्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वीची वर्गणी! आमच्या बाया एकदम म्हणाल्या, म्हणजे आपला डबाच की.

भास्कराचार्यांचं लीलावती हे पुस्तक ११५०चं. लीलावती ही त्यांची मुलगी, तिला शिकवायला लिहिलं असं परंपरेनं सांगतात. भुंगे, हंस, मोत्यांचे हार यांची गणितं त्यात आहेत, आणि व्याजाचीही आहेत. त्यातलं एक आम्ही पाठ करून नेलं होतं. दरमहा शेकडा ५ व्याजानं दिलेली रक्कम वर्षानं व्याजासह १००० झाली. तर मुद्दल किती, व्याज किती?

दरमहा शेकडा ५! सावकारीच की, असं सगळ्या म्हणाल्या. आपल्या गटात शेकडा २ घेतो. देवळाच्या सावलीत बसून सगळ्या बोटं मोडायला लागल्या. कुणी ४०० म्हणालं, कुणी ९४०. आमची सून गप्प होती, सासू शेजारी बसलेली ना. मग काडीनं मातीत लिहायला लागली. शंभराला महिन्याला ५, वर्षाला ६०. म्हणजे शंभराचे १६० होतात. मग १०००मध्ये १६० किती वेळा? सव्वासहा वेळा. मुद्दल ६२५, व्याज ३७५.

आम्ही बरोबर म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासू मातीतले आकडे पाहत होती. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "हे तिनं काढलं? कुठे पाहून?" आम्ही म्हटलं, कुठेच नाही, डोक्यातून. सासू काही बोलली नाही. परत येताना गाडीत मात्र तिनं आमच्या मागच्या सीटवरच्या बाईला सांगितलेलं आम्ही ऐकलं, आमच्या घरचा कापसाचा हिशेब यंदापासून सून पाहील, व्यापारी फसवतो म्हणून.

यानंतर मुक्ताईनगरला गेलो. कोथळी-मेहूणला मुक्ताई, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ. १२९७ साली वीज कडाडली आणि मुक्ताई तापीकाठी गुप्त झाली, असं आपण मानतो. चांगदेव चौदाशे वर्षं जगलेले योगी, त्यांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं, आणि पोरवयाची मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला. ही कथा सगळ्यांना ठाऊक. पण संगमावर उभं राहून ऐकली की वेगळी वाटते. म्हातारा योगी शिष्य झाला तो एका मुलीचा. तिथून ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, महिनाभर चालते.

जळगावात बहिणाबाईंचं घर आहे, जुन्या गावात चौधरी वाड्यात. माहेर असोद्याचं. जन्म १८८०चा. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर ओव्या सुचायच्या, मुलानं सोपानदेवांनी आणि नात्यातल्यांनी त्या उतरवून घेतल्या. १९५१मध्ये त्या गेल्या आणि १९५२मध्ये पुस्तक छापलं गेलं, म्हणजे आपलं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या घरात त्यांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत. आमची आजी म्हणाली, हे सगळं तर माझ्या घरी बी आहे. ते खरंच होतं. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थही त्याच दिवशी करता येतं, २०१२ साली सुरू झालं. तिथे घाईनं जाऊ नका, दोन-तीन तास हाताशी ठेवा.

पर्यटनातून गावाला रोजगार मिळेल, अशी भाषणं आपण ऐकतो. मिळेलही. भरीत-भाकरी आणि पुरणाचे मांडे खायला शहरातली माणसं येतील, आपण करूही. पण येणाऱ्यानं विचारलं, ताई, इथे पाहण्यासारखं काय आहे, तर आपल्याला सांगता आलं पाहिजे. आणि सांगायचं म्हणून नाही, आपल्याला पाहावंसं वाटतं म्हणूनही जाता येतं. त्याला रोजगाराचं कारण कशाला लागतं?

आता डब्यात पुढच्या सहलीचे पैसे जमतायत. या वेळी धुळं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या शेवटच्या दिवशी गेले, त्यांनी गोळा केलेली कागदपत्रं सांभाळायला लगेच जानेवारीत धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं, ते पाहायचंय. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासांच्या आणि इतर जुन्या हस्तलिखित पोथ्या आहेत. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. साने गुरुजी म्हणजे आमच्या अमळनेरच्या शाळेतले मास्तर, त्यामुळे आम्हाला त्याचं विशेष. तुरुंग बाहेरूनच पाहायचा. पांझरेकाठी एकवीरा देवी आहे, ती घरी सांगायला. जमलं तर येताना लळिंगचा किल्ला, आग्रा रोडवर. चढ आहे, म्हणून आजी खाली गाडीत बसेन म्हणतेय. आमचा त्यावर विश्वास नाही.

गेल्या मंगळवारी हिशेबनिशीनं वहीत नावं लिहून घेतली, बावीस झाली. त्यात तिच्या सासूचं नाव तिसरं आहे. सासूनं विचारलं, कोणता वार धरलाय? आम्ही म्हटलं, गुरुवार. ती म्हणाली, उघडं असतं का ते विचारलं का आधी?

विचारलंय, मैत्रिणींनो. फोन करून दोनदा विचारलंय.